पाणी लागलंय का कधी?

गाडी विकायची ठरली तेव्हा बाबा आधी डोंबिवलीच्या काकांकडे गेले. काका म्हणजे नात्यातले कोणी नाहीत. कल्याण-शीळ रस्त्याला त्यांचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. पत्र्याची शेड, पुढे ओळीने दहा-बारा गाड्या, आत एक टेबल आणि गणपतीचा फोटो. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकून खालच्या कार्पेटचा कोपरा उचलला आणि बाबांकडे न बघताच विचारलं, “पाणी लागलंय का कधी?”

बाबा म्हणाले, “हो. एकोणीसला.”

तेवढ्या उत्तराचे चाळीस हजार गेले.

२०१९ चा जुलै इकडच्यांना वेगळा सांगायला नको. उल्हास नदीला पूर आला, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसकट पाण्यात अडकली. आम्ही तेव्हा कल्याणात वालधुनीजवळ राहायचो. बिल्डिंगच्या पार्किंगमधली आमची गाडी सीटपर्यंत बुडाली. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी होता, म्हणजे क्लेम नाही, आणि क्लेम नाही म्हणजे कुठे नोंदही नाही. मेकॅनिकने सीटा काढल्या, सगळं उन्हात वाळवलं, वायरिंग साफ केलं. गाडी त्यानंतरही चांगली चालली.

काकांकडून परतताना मीच म्हटलं, ॲपवर टाकू. रविवारी सकाळी एक मुलगा टॅब घेऊन आला. अत्यंत सभ्य. दीड तास त्याने गाडी तपासली, टायरच्या खाचा मोजल्या, शंभरेक फोटो काढले. ॲक्सिडेंट झालाय का, लोन आहे का, दुसरी चावी आहे का, हे सगळं विचारलं. पाण्याचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. बाबा त्या वेळी खाली नव्हते. त्यांना मी मुद्दामच खाली येऊ दिलं नव्हतं, हे इथे लिहूनच टाकतो. संध्याकाळपर्यंत आकडा आला. काकांनी कापलेले चाळीस हजार त्यात परत आले होते.

गाडी ऑनलाइन घ्यावी की डीलरकडून, हा प्रश्न आपण कायम घेणाऱ्याच्या बाजूने विचारतो: कोण फसवेल, कोण नाही? १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्याच बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, असं त्याचं म्हणणं. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ॲपवरचे ते लांबलचक तपासणी अहवाल हा याच दुखण्यावरचा उपाय आहे. पण मी यात विकणारा होतो. मला काय करायला हवं होतं?

दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरो नावाच्या रोमन वकिलाने असाच पेच मांडलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? एक तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. दुसरा म्हणतो, तुझ्या फायद्यासाठी ज्यांना अंधारात ठेवतोस ती माणसंच आहेत. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूचा.

आपला १८७२ चा करार कायदा पहिल्याच्या जवळ जातो. नुसतं मौन म्हणजे फसवणूक नाही, असं कलम १७ सांगतं. उदाहरण घोड्याचं आहे. मालकाला घोड्यातला दोष माहीत आहे, तो लिलावात न बोलता घोडा विकतो; ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण मात्र मला झोपू देत नाही. घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. घोडा तोच, दोष तोच. बदललं काय, तर समोरचं माणूस.

म्हणजे सत्य आपण नात्यात देणं लागतो. आणि आपण ज्याला त्याला काका-मावशी करतो ते उगीच नसावं. बाबा काकांशी खोटं बोलू शकले नाहीत. टॅबवाल्या मुलाला मी काही देणं लागतो असं मला वाटलंच नाही.

पण काकांना संत करू नका. शेजारच्या जोशींना त्यांनी मीटर मागे फिरवलेली गाडी दिली होती. जोशी दोन दिवस शेडमधल्या खुर्चीत जाऊन बसले, तेव्हा गिअरबॉक्सचा खर्च मिळाला. आणि ती खुर्चीही सगळ्यांसाठी नसते. माझी एक सहकारी नांदेडहून येऊन ठाण्यात भाड्याने राहते. ती अशाच एका शेडमध्ये गेली तर पहिला प्रश्न, “सोबत कोणी नाही का?” आणि भाव वीस हजारांनी वर. तिने गाडी ऑनलाइन घेतली, परत करायला काही दिवसांची मुदतही मिळाली. ॲपने तिला कोणाची मुलगी, कोणाची ओळख, काही विचारलं नाही. ज्याला इथे कोणी काका नाही त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. तिच्यासमोर मी ओळखीच्या बाजाराचं कौतुक करू शकत नाही.

केलं तर तिला हेही सांगावं लागेल, की तिच्या गाडीचा आधीचा मालक माझ्यासारखा असू शकतो.

माझा कागदोपत्री संबंध संपलाय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी सोपवली आणि फॉर्म भरला, की पुढच्या नावावर चढेपर्यंत तोच मालक मानला जातो. चावीबरोबर जबाबदारीही गेली, चांगली सोय आहे. कार्पेटखालचं पाणी मात्र कुठल्याच फॉर्मवर गेलं नाही. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, खाली तळाशी असतं, हे मी गाडी विकल्यावर वाचलं. आमच्या गाडीतलं ते तेव्हा बुडालं होतं. नंतर कोणी तपासलं का, मला माहीत नाही. मेकॅनिकलाही मी विचारलं नव्हतं.

एमपरिवहनवर जुना नंबर टाकला की नव्या मालकाचं नाव दिसतं, पण अर्धं. मधली अक्षरं खाऊन तिथे फुल्या घातलेल्या असतात. सुरुवातीचा ‘एस’ तेवढा वाचता येतो. परवा बाबांनी सहज विचारलं, “गाडी कोणी घेतली रे आपली?” मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून त्या फुल्या बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, “यांना सांगितलं होतंस ना?”