परक्या देवस्थानापुढील नमन

जपानमधील इसे हे शिंतो धर्माचे अत्यंत पवित्र स्थान. सूर्यदेवता आमातेरासू हिचे मंदिर येथे आहे. उजी पूल ओलांडून, हात व मुख धुऊन, उंच वृक्षांच्या छायेतून चालत गेल्यावर दगडी पायऱ्या लागतात. वर दाराशी शुभ्र पडदा असतो. सामान्य यात्रिकाची वाट तेथेच संपते. दर 20 वर्षांनी हे मंदिर शेजारच्या जागेवर नव्याने उभारतात; 2013 साली ते 62व्या वेळी उभारले गेले. पडद्यासमोर भाविक दोनदा वाकतो, दोनदा टाळी वाजवितो आणि पुन्हा एकदा वाकतो.

तेथे एकट्याने गेलेल्या कॅथोलिक प्रवाशाने काय करावे? सोबत कोणी नाही, ओळखीची नजर नाही. एक मन म्हणते, "ही तर नुसती रीत, दोन टाळ्या वाजविल्या तर काय बिघडले?" दुसरे म्हणते, "येथे उभे राहणेदेखील पाप."

'नुसती रीत' हा शब्द जपानच्याच इतिहासापुढे टिकत नाही. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर ठार मारण्यात आले. पुढील शतकात तेथील अधिकारी ख्रिस्ती लोक हुडकण्यासाठी ख्रिस्ताच्या वा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. पाऊल ठेवणे ही जर पोकळ कृती असती, तर तिच्या नकारापायी कोणी प्राण का दिले असते? शरीरही बोलते, हे छळणाऱ्यांनाही ठाऊक होते.

मग दुसरे मन खरे काय? तेही नाही. 1932 साली तोकियोतील सोफिया विद्यापीठाच्या काही कॅथोलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवस्थानापुढे वाकण्यास नकार दिला आणि मोठा पेच उभा राहिला. 1936 साली रोमने सांगितले की, शासनाने घडवून आणलेल्या समारंभातील असे नमन देशनिष्ठेची खूण मानता येईल. नमनाचा अर्थ ते कोणत्या भावनेने केले जाते यावर ठरतो, हे त्यात मान्य झाले. पुढे 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले.

परंतु इसेच्या एकाकी प्रवाशावर कोणाची सक्ती नाही. म्हणून आपल्या नमनाचा अर्थ त्याला स्वतःच ठरवावा लागतो. समुदायात असताना आपण "सर्वांनी केले म्हणून मीही केले" असे म्हणून सुटतो. एकांतात ही पळवाट उरत नाही. श्रद्धा नसताना गंमत म्हणून टाळ्या वाजविणे हे शरीराने बोललेले असत्य होय. त्यात आपल्या विश्वासाची प्रतारणा आहे, आणि शेजारी डोळे मिटून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भाविकाची थट्टाही आहे. याउलट टोपी काढावी, बाजूला उभे राहावे, त्या माणसांच्या भक्तीला आदराने मान लववावी आणि मनात आपल्या स्वर्गीय पित्याचे स्मरण करावे. यात कोणतीच लबाडी नाही.

ज्या मंडळीच्या हुतात्म्यांनी एका पावलाचे मोल प्राणांनी चुकते केले, तिच्या लेकरांनी तरी दुसऱ्याच्या नमनाचा खेळ करू नये.