निर्वंश संघाचे वारस

२०२२ च्या जून महिन्यांत मध्यप्रदेशच्या क्रिकेट संघानें बंगळूर येथें मुंबईचा पराभव करून रणजी करंडक जिंकला, तेव्हां त्या संघाचा हा पहिलाच करंडक असल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. दुसरे दिवशीं सकाळीं यवतमाळांतील आमचे एक वयोवृद्ध स्नेही तें वर्तमानपत्र हातांत घेऊन आमच्या घरीं आले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. बालपण व तारुण्याचा आरंभ इंदुरास मामांच्या घरीं गेलेला. खुर्चीवर बसण्यापूर्वींच त्यांनीं विचारलें, "पहिलाच? मग प्रोफेसरसाहेब, आमचे चार कोठें गेले?"

आम्हांस प्रथम हंसूं आलें. चौऱ्यांशीव्या वर्षीं मनुष्यानें करंडकांचा हिशेब मागावा, यांत कांहींसा पोरकटपणा आहे असें वाटलें. परंतु जसजसा विचार करूं लागलों तसतसें ध्यानांत आलें कीं, मास्तरांचा प्रश्न केवळ खेळाचा नाहीं. जी संस्था जगांतून नाहींशी झाली तिच्या कर्तृत्वाचा धनी कोण, आणि त्याची आठवण जतन करण्याचें कर्तव्य कोणाचें, हा तो प्रश्न आहे. त्याचाच विचार वाचकांसमोर मांडावा असें योजिलें आहे.

मास्तरांचे चार करंडक म्हणजे होळकर संघाचे. १९४१ ते १९५५ या अवघ्या चौदा हंगामांत हा संघ दहा वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ या वर्षीं विजयी झाला. कर्नल सी. के. नायडू यांचें नेतृत्व, मुश्ताक अली, सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे खेळाडू, आणि पाठीशीं इंदूर दरबारचा आश्रय, असा तो योग होता. १९४५-४६ सालीं म्हैसूरविरुद्ध एकाच डावांत सहा फलंदाजांनीं शतकें काढलीं व धांवसंख्या आठ बाद ९१२ झाली. पुढें १९५५ नंतर होळकर हें नांवच उरलें नाहीं. आधीं मध्यभारत व मागाहून मध्यप्रदेश अशीं नांवें आलीं, आणि दरबार, संघ व करंडक हीं सारीं एका जुन्या वहींत जाऊन बसलीं. ती वही मास्तरांच्या घरीं आहे.

आतां पाहूं कीं, मध्यप्रदेशचा संघ व होळकर संघ हे एकच काय? खेळाडूंवरून ऐक्य ठरवावें, तर कोणताही संघ वीस वर्षांनंतर तोच राहत नाहीं. मग मुंबईचेही जुने करंडक आजच्या मुंबईकडून काढून घ्यावे लागतील. आश्रयदात्या राज्यावरून ठरवावें, तर होळकरांचें संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, आणि संघाच्या चार विजयांपैकीं दोन त्यानंतरचे आहेत! म्हणजे राज्य गेल्यावरही संघ त्याच नांवानें सात वर्षें खेळत राहिला. स्थळावरून ठरवावें, तर इंदूर जेथल्या तेथेंच आहे, आणि तेथील क्रीडांगणास २०१० सालीं होळकरांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु मध्यप्रदेशचा संघ एकट्या इंदुराचा नाहीं.

स्थळाच्या कसोटीवर विसंबूं नये हें आम्हां यवतमाळकरांस तरी निराळें सांगावयास नको. आमचा हा जिल्हा निजामाच्या वऱ्हाडांत होता. १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. एके काळीं त्याचें नांवही वणी जिल्हा असें होतें. १९५० मध्यें आम्ही मध्यप्रदेशांत होतों, १९५६ मध्यें मुंबई राज्यांत गेलों, आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलों. यवतमाळ आपल्या जागेवरून तसूभरही हललें नाहीं; हललीं तीं राज्यें. तरी आमच्या आज्याची विहीर ती आमच्या आज्याचीच राहिली.

मिलिंद राजास नागसेनानें रथाचा दृष्टान्त दिला तो येथें आठवतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजेही रथ नव्हे. या सर्वांच्या मेळास व्यवहारासाठीं दिलेलें नांव म्हणजे रथ. परंतु हा सिद्धान्त मान्य केल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. रथ मोडला म्हणजे त्यांतून केलेला प्रवास मोडत नाहीं. होळकर संघ हा पदार्थ आज नसेल, पण ९१२ धांवा झाल्या हें सत्य नाहींसें करण्याचें सामर्थ्य कोणत्याही राज्यपुनर्रचनेस नाहीं. तें सत्य फक्त बेवारस होऊं शकतें.

असा प्रकार अन्यत्रही घडला आहे. अमेरिकेंत बेसबॉलचे संघ धंदेवाईक मालकांचे असल्यामुळें ते बिऱ्हाड हलवावें तसे शहर बदलतात. फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक्स हा संघ १९१० ते १९३० या काळांत पांच वेळां जगज्जेता ठरला. कॉनी मॅक यांनीं त्याचा कारभार पन्नास वर्षें पाहिला. १९५४ च्या हंगामानंतर तो कॅन्सस सिटीस गेला, १९६८ मध्यें ओकलंडला, आणि २०२४ नंतर त्यानें ओकलंडही सोडलें. नांव व करंडक संघाबरोबर गेले. पण आठवण फिलाडेल्फियांतच राहिली. संघ गेल्यावर चार दशकांनीं तेथील वृद्ध रसिकांनीं एक मंडळ स्थापून जुनीं छायाचित्रें, गणवेश व कागद गोळा केले. तेथें नांव आहे पण गांव गेलें. येथें गांव आहे पण नांव गेलें. दोन्ही ठिकाणीं आठवण मात्र ज्यांना कायद्यानें कसलाही हक्क नाहीं अशांच्याच हातीं उरली.

आमच्या धर्मशास्त्रांत दायाचा विचार फार सूक्ष्म केलेला आहे, आणि त्यांतील एक तत्त्व आम्हांस येथें मार्गदर्शक वाटतें. जो दाय घेतो त्यानें ऋणही घ्यावयाचें असतें. बापाची शेती हवी पण बापाचें कर्ज नको, असें म्हणणाऱ्यास आपल्या समाजानें कधींच भला म्हटलेलें नाहीं. म्हणून मध्यप्रदेशच्या तरुण खेळाडूंनीं चार करंडक आपले म्हणावे कीं न म्हणावे, हें त्यांनीं ठरवावें; पण म्हणावयाचे असतील तर सारा संसार पत्करावा लागेल. संस्थानी संघाच्या खर्चाचा पैसा शेवटीं रयतेच्या सारावसुलींतून आलेला होता, हें त्या वारशाचें ऋण आहे.

आणि केवळ रसिक असणाऱ्यांसही हाच नियम लागू आहे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांविषयीं हळहळणारे पुष्कळ लोक आम्हीं पाहिले आहेत. धर्मवार संघ पाडून खेळावयाची ती पद्धति १९४६ नंतर बंद झाली, आणि झाली तें योग्यच झालें. परंतु ती विसरावी असें नाहीं. कारण ती विसरलों तर पाळवणकर बाळूही विसरले जातात. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज. पण अस्पृश्य जातींत जन्मल्यामुळें हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यास कधींच मिळालें नाहीं. पुढें १९२३ मध्यें त्याचे धाकटे बंधु विठ्ठल कर्णधार झाले. हा अन्याय व त्याचें अंशतः झालेलें परिमार्जन, दोन्ही त्याच जुन्या धांवफलकांच्या आड आहेत. गोड तेवढें ठेवून कडू टाकून देणारी आठवण ही आठवण नव्हे, ती आत्मस्तुति होय.

येथें कोणी विचारील कीं, या उठाठेवीनें साधावयाचें काय? पोटापाण्याचे प्रश्न थोडे आहेत का? या आक्षेपास उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे याची शंका आहे, कारण आमच्या हातून एक चूक झाली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवीत होतों तेथें खोल्या रिकाम्या करतेवेळीं जिमखान्याच्या जुन्या नोंदवह्या रद्दींत देण्याच्या कागदावर आम्हींच सही केली. वाळवीनें खाल्लेल्या वह्या, कोणास हव्या आहेत, असें आम्हीं म्हटलें. पुढें एका शेतकऱ्याचा मुलगा विचारावयास आला; त्याचे वडील त्या महाविद्यालयाच्या संघांत खेळत असें तो ऐकून होता, आणि ते नुकतेच वारले होते. त्यास दाखवावयास आमच्यापाशीं एक ओळही नव्हती. त्याला करंडक नको होता. बापाचें नांव छापील नाहीं तर नाहीं, शाईनें लिहिलेलें पाहावयाचें होतें. तो कांहीं न बोलता निघून गेला. त्या दिवसापासून "कोणास हवें आहे" हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाहीं. हवें असणारा कोण, हें आधीं कळत नसतें.

म्हणून मास्तरांची वही आम्ही मागून आणली. मागण्याचें आणखी एक कारण होतें. त्यांचे दोन्ही मुलगे दूर आहेत, आणि आपल्यामागें वहीचें काय होणार ही चिंता त्यांस आहे. वही सुरेख आहे. चारही विजय सविस्तर, धांवफलकांसह, लाल शाईच्या समासांत. परंतु हरलेल्या सहा अंतिम सामन्यांपैकीं एकही तींत नव्हता. १९४४-४५ सालीं महूच्या छावणींतून आलेल्या डेनिस कॉम्प्टननें होळकरांकडून नाबाद २४९ धांवा काढल्या, तरी मुंबईनें ३७४ धांवांनीं हरविलें. तो सामनाही नाहीं. शेवटचा १९५५ चा, मद्रासनें ४६ धांवांनीं जिंकलेला सामनाही नाहीं. आम्हीं कारण विचारलें. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो मीं समोर बसून पाहिला आहे. म्हणूनच लिहिला नाहीं."

आम्हीं त्यांस दाय व ऋण यांचें वरील विवेचन ऐकविलें. ते रागावले, चहा अर्धा टाकून उठले, आणि चार दिवस आले नाहींत. पांचव्या दिवशीं आले ते नवी वही घेऊन. पितृपक्षांत ज्यांना कोणी नाहीं त्यांच्याही नांवानें आपण एक ओंजळ पाणी सोडतों; मास्तर म्हणाले, त्यांत जिंकलेले व हरलेले असा भेद करीत नाहींत.

तेव्हांपासून आम्ही दोघे संध्याकाळीं दोन दोन पानें नकलून काढतों. पहिल्या पानावर मद्रासचा सामना आहे.