पाहिलेले रूप आणि छापलेले रूप

गोदातीरी बासर येथे सरस्वतीचे पुरातन देवस्थान आहे. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. अक्षराभ्यासासाठी मुलांना तेथे नेण्याचा प्रघात आहे. तेथील देवी हळदीच्या लेपाने मढलेली असते. परंतु दर्शन घेऊन परतलेल्या बालकास सरस्वती काढावयास सांगितल्यास त्याच्या पाटीवर बहुधा राजा रविवर्म्याची सरस्वतीच उतरेल. शुभ्र वस्त्र व वीणा ध्यानश्लोकांत पूर्वीपासून आहेत. चेहरा, बैठक आणि शेजारचा मोर मात्र १८९६ च्या त्या चित्रातून घरोघर गेला.

रविवर्म्याने प्रथम संस्थानिकांसाठी रंगविले. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला, आणि त्याची चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. या लोकप्रियतेने कला बाटली, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. आम्हांस ते सर्वस्वी मान्य नाही. देवळाचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्याही घरी देव कागदावरून आला, ही गोष्ट देवस्थानांशी संबंध असलेल्या आपण तरी विसरू नये.

तरीही एक प्रश्न उरतोच. निर्मलचे नक्काश पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी घडवितात, काळ्या भूमीवर सोनेरी छटेची चित्रे रंगवितात. रामायण-महाभारताबरोबर अजिंठ्याच्या आकृतीही त्यांनी आपल्याशा केल्या. ही उसनवारी दोषास्पद म्हणावी काय? न्यायालयात प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीस जे मोल असते, ते ऐकीव गोष्टीस नसते. दुसऱ्याचे रूप घेऊनही जो कारागीर लाकूड, रंग आणि मनुष्याचा चेहरा स्वतः न्याहाळतो, त्याची साक्ष प्रत्यक्ष होय. जो केवळ छापलेल्या चित्राची नक्कल करतो, त्याची साक्ष ऐकीव. मग हात कितीही सराईत असो.

परंतु हा न्याय एकट्या कारागिरास लावणे अन्यायाचे होईल. त्याचे पोट गिऱ्हाइकावर अवलंबून असते आणि गिऱ्हाईक आपण आहोत. दिनदर्शिकेवरील चेहरा हुबेहूब हवा, असा हट्ट आपण धरला, तर नवे पाहण्याची मुभा त्यास कोण देणार? हळदीत मढलेली देवी डोळे भरून पाहण्याची सवय आधी आपणांस लागली पाहिजे.