शिशाच्या रेघा

बूथम बार ही इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची वायव्येकडची वेस. वेशीला लागून दगडी जिना आहे. हळू चढा.

वर तटावरची वाट. अरुंद. समोरून कुणी आलं तर कडेला थांबा, त्यांना जाऊ द्या.

थांबलाच आहात, तर एक श्वास घ्या. सोडा.

तट सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. आज सगळा चालायचा नाही. इथून मंक बार या पुढच्या वेशीपर्यंत, एवढाच तुकडा. भराभर चालणारे तो काही मिनिटांत संपवतात. संपवू दे त्यांना.

हात दगडावर ठेवा. पांढरट चुनखडी. जवळच्या टॅडकास्टरच्या खाणींतली. गार आहे, थोडी खरबरीत आहे. हात तिथेच राहू द्या.

हा तट मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्याच्याखाली मातीचा बांध. आणि या बाजूला, बांधाच्या पोटात, रोमन भिंत. इ.स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्यानं इथे ठाणं वसवलं. आपण चालतोय ती कड त्याच ठाण्याची.

पाऊल टाका. पुढचं लगेच नको.

१८०० साली नगरपालिकेलाच हा तट नकोसा झाला होता. पाडायची परवानगी मागितली गेली. काही भाग पाडलाही. लोकांनी विरोध केला, चित्रकार विल्यम एटीसारखे काही जण हट्टाला पेटले, म्हणून आज पायाखाली वाट आहे. शहरं जपली जातात ती पुष्कळदा अशी, चार हट्टी माणसांमुळे.

असो. चाला.

डावीकडे बाहेरच्या अंगाला गवताचा उतार. उजवीकडे बागा, उंच झाडं. आणि झाडांच्या मागे, चालाल तसं हळूहळू सरकणारं, मिन्स्टर.

यॉर्क मिन्स्टर. यॉर्कच्या आर्चबिशपांचं कॅथीड्रल. बांधकाम १२२० च्या सुमारास सुरू झालं आणि १४७२ साली पुरं झाल्याचं मानलं गेलं. अडीचशे वर्षं. पायाचा दगड बसवणाऱ्यानं कळस पाहिला नाही. त्याच्या नातवानंही नाही.

उभे राहा. फक्त पाहा. अजून आत जायचं नाही.

झाडांत वारा आहे. तो ऐका.

मग उतरा.

मिन्स्टरच्या आत आलात की पहिल्यांदा काहीच करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. पावलांचे आवाज वर जातात, उशिरा परततात. कुठेतरी खुर्ची सरकते. एक लहान मूल मोठ्यानं काहीतरी विचारतं, आई त्याला गप्प करते.

तेही ऐकू येऊ द्या.

बहुतेक लोक सरळ पूर्वेच्या टोकाकडे जातात. तिथे ती प्रसिद्ध मोठी खिडकी आहे, जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी. जॉन थॉर्नटन या कारागिरानं १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती पुरी केली. जगाची उत्पत्ती आणि जगाचा अंत, दोन्ही एका काचेच्या भिंतीत. तिच्यासाठी वेगळा दिवस काढावा, असं माझं मत. एका दिवसात दोन खिडक्या पाहणं म्हणजे एकही न पाहणं.

आपण मधल्या मनोऱ्याखाली येऊन उत्तरेकडे वळू.

ही वास्तू क्रुसाच्या आकाराची आहे. हा तिचा उत्तरेकडचा हात. समोरच्या भिंतीत पाच उंच, सडपातळ खिडक्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. यांना पाच बहिणी म्हणतात.

बसा. पाठ टेका.

एकेक बहीण सोळा मीटरहून उंच. काच सुमारे १२५० सालची. पाचींत मिळून एक लाखाहून जास्त तुकडे. पण चित्र दिसत नाही. संत नाहीत, राजे नाहीत, गोष्ट नाही. करडी, हिरवट, धुरकट काच, आणि तिच्यात मधूनच रंगाचा एखादा ठिपका.

पहिल्यांदा जरा निराशा होते. होऊ द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

उत्तरेची खिडकी. थेट ऊन इथे फारसं येत नाही. तांदळाच्या धुवणासारखा उजेड झिरपतो आणि भिंतीवर, फरशीवर, तुमच्या हातांवर सारखाच पसरतो.

हात उलटे करून मांडीवर ठेवा. उजेड तळव्यांवर येऊ द्या.

आता मधल्या बहिणीच्या पायाशी पाहा. एक छोटासा रंगीत तुकडा आहे तिथे. तो या खिडकीहून जुना, बाराव्या शतकातला. सिंहांच्या गुहेतला दानिएल. सिंहांमध्ये बसलेला एक माणूस.

त्याला तिथेच बसू द्या. नजर वर न्या. सावकाश.

काचेकडे पाहू नका. काचांमधल्या काळ्या रेघांकडे पाहा.

त्या शिशाच्या आहेत. प्रत्येक तुकड्याभोवती शिशाची पट्टी. काच तडकली की कारागीर तड्यावर आणखी एक पट्टी घालतो. अशी शतकं गेली. मूळची नक्षी कुठली आणि सांधलेली भेग कुठली, खालून सांगता येत नाही.

एक रेघ निवडा. कुठलीही.

तिच्याबरोबर जा. ती वळते. दुसरीला मिळते. हरवते. पुन्हा पहिल्यापासून.

शिसं मऊ असतं. नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. वारा आला की जरासं वाकतं, म्हणून काच टिकते.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली जर्मन झेपेलिन हवाईजहाजांतून इथे बॉम्ब पडू लागले, तेव्हा ही काच उतरवून ठेवली. युद्ध संपलं. परत बसवायला शिसं हवं होतं. ते आलं उत्तरेकडच्या रिव्हो मठाच्या अवशेषांतून. राजा आठव्या हेन्रीनं १५३८ साली तो मठ बंद केला, छपराचं शिसं वितळवून त्याच्या लगडी केल्या. भिंती कोसळल्या, लगडी ढिगाऱ्याखाली राहिल्या. जवळजवळ चारशे वर्षं कुणी त्यांना हात लावला नाही. १९२० च्या दशकातल्या उत्खननात त्या सापडल्या.

त्याच शिशाची पट्टी आता तुमच्या नजरेखाली आहे.

एका पाडलेल्या छपराचं शिसं. थोडा वेळ यापाशीच राहा. याचा अर्थ लावू नका.

श्वास आत. श्वास बाहेर.

खिडकी पुन्हा उभारण्यासाठी पैसे बायकांनी जमवले. ३२ हजारांहून अधिक जणींनी, काही आठवड्यांत. १९२५ मध्ये ती युद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या स्त्रियांच्या नावे अर्पण झाली. नर्स होत्या, दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगार होत्या. बाजूच्या ओकच्या फळ्यांवर त्यांची नावं आहेत. जवळ जा. एक नाव मनातल्या मनात वाचा. उच्चार चुकला तरी चालेल.

पुन्हा मागे वळा.

अगदी समोर, दक्षिणेकडच्या हातात, उंचावर गोल खिडकी आहे. ९ जुलै १९८४ च्या पहाटे तिथलं छप्पर पेटलं. बहुधा वीज पडून. तापलेल्या काचेला सुमारे ४० हजार तडे गेले. तरी खिडकी खाली आली नाही. थोड्याच वर्षांपूर्वी तिला नवं शिसं घातलेलं होतं.

तडे शोधू नका. इथून दिसत नाहीत.

दिवस कलतो. सहलीचे गट बाहेर पडू लागतात. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या राहिल्या, शॅम्बल्सची गल्ली राहिली. राहू द्या.

संध्याकाळी प्रार्थना असते. तिला तिकीट लागत नाही, आणि तुमचा धर्म कुणी विचारत नाही. कोरलेल्या लाकडी आसनांत जागा दाखवतात. शेजारी एक म्हातारे गृहस्थ छत्री पायाशी ठेवतात, मान हलवून सरकून बसतात.

तुम्हीही जरा सरका.

शब्द कळतील, न कळतील. गायकांचा आवाज येण्याआधीची शांतता ऐका. मग आवाज ऐका. मग पुन्हा शांतता.

कधी उभं राहायचं, कधी बसायचं, ते इतरांकडे पाहून समजतं. ते उठले, की उठा.