रानाचा हिरवा रंग

दिवाळी आली की आपण भिंतींना रंग देतो, मुलांना नवे कपडे चढवतो आणि मग हौसेने फोटो काढतो. तो फोटो खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. मग रानाचा फोटो काढताना त्याचे हिरवेपण थोडे वाढवले, तर माझ्या काही स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या का पडाव्यात? "जसे आहे तसे दाखवा की!" असे ते म्हणतात. मला फिल्मवर फोटो काढण्याचा जुना नाद आहे. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

गंमत अशी, की 'जसे आहे तसे' फिल्मला मुळी दिसतच नाही. दिवसाउजेडी आपला डोळा हिरव्या रंगाला सर्वांत आधी ओ देतो. काळ्यापांढऱ्या फिल्मचे तसे नाही. ती निळ्याला भुलते आणि हिरव्याकडे कानाडोळा करते. म्हणून महाबळेश्वरची जांभळी-हिरड्यांची झाडी फोटोत काळवंडून येते. भिंगापुढे पिवळसर हिरवी काच लावली, की तीच पाने उजळतात. डोळ्यांना दिसली होती तशी होतात. म्हणजे इथे ढवळाढवळ केली, तेव्हाच खरे हाती लागले!

रंगीत फिल्मची तऱ्हा वेगळी. पावसाने धुतलेल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी असते आणि तिच्याखाली पानाचा स्वतःचा रंग झाकून जातो. पोलरायझर नावाची काच भिंगापुढे हळूहळू फिरवावी. एका जागी ती चकाकी विझते आणि रान एकदम गहिरे होते. या काचेने हिरवा रंग ओतलेला नसतो, आभाळाचे उसने तेवढे बाजूला सारलेले असते. याला खोटे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पुढच्या पायऱ्या मात्र निसरड्या आहेत. १९९० साली फुजी कंपनीने 'वेल्विया' ही फिल्म आणली. तिच्यावर हिरवा रंग असा भरघोस उतरतो, की निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना तिने वेड लावले. तिला उजेड किंचित कमी दिला, तर रंग आणखी दाटतो. आणि अगदी टोकाची गोष्ट म्हणजे, इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी याने 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटासाठी लंडनच्या मेरियन पार्कमधले गवतच हिरव्या रंगाने रंगवून घेतले! तरी त्याने कोणाला फसवले असे मला वाटत नाही. आपण कथा सांगतो आहोत, हे त्याने लपवले नव्हते.

मग रेघ कुठे ओढायची? रंग किती वाढवला, हे मोजून ती सापडत नाही. माझी कसोटी साधी आहे. रानात हिरवा असा एकच रंग नसतो. जांभळीचा काळसर, कारवीचा मवाळ, शेवाळाचा पिवळट, असे किती तरी हिरवे तिथे शेजारी शेजारी नांदतात. ज्या युक्तीने ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात, ती रानाची बाजू घेते. ज्या युक्तीने ते सगळे पाचूच्या एकाच रंगात बुडून जातात, ती रानाचे तोंड बंद करते.

हा नुसत्या हौसेचा प्रश्न नव्हे. कॅलेंडरवरची पाचूसारखी राने पाहून वाढलेले मूल फाल्गुनात सागाच्या रानात गेले, तर ते रान मेले असेच त्याला वाटेल. पण पानगळ हा सागाचा रोग नव्हे, रीत आहे. उलट, जिथे जुनी झाडे खरोखरच गेली आणि घाणेरी माजली, तिथला फोटो मात्र हिरवागार येतो! एकाच हिरव्याला भुललेल्या डोळ्यांना रानाची विश्रांती कोणती आणि रानाचा नाश कोणता, हे उमगायचे नाही. आणि ज्याला हा फरक उमगत नाही, तो रान राखणार तरी कसे?

माणसांची स्तुती करतानाही मी हल्ली हीच कसोटी वापरतो. एखाद्याचा गुण थोडा उजळून सांगावा. त्यात त्याचा चेहरा अधिक ओळखू येतो. पण भेटेल त्याला 'देवमाणूस' म्हणत सुटलो, तर त्या गर्दीत एकही माणूस दिसेनासा होतो.