लसूण कधी काढावा?

टोमॅटो लाल झाला की तोडावा, पेरू पिवळसर झाला की उतरवावा, हे कुणी शिकवावे लागत नाही. डोळ्यांना दिसते आणि हात पुढे जातो. लसणाचे तसे नाही. त्याचा गड्डा मातीखाली असतो. आपल्याला दिसते ती फक्त वरची पात. तिच्यावरून आतले ओळखायचे आणि एक दिवस ठरवून तो उपटायचा. या साध्या घरगुती कामात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. पुरती खात्री झालेली नसताना निर्णय घ्यावा का? आणि घ्यावा तर केव्हा?

आपल्यापैकी काहींच्या वाडीत अजूनही लसणाचा एखादा वाफा असतो. ज्यांची वाडी राहिली नाही त्यांच्या गच्चीवर निदान एखादी कुंडी असते. दिवाळीच्या सुमारास पाकळ्या लावल्या जातात. थंडीत पात वाढते. पुढे दिवस मोठा होऊ लागला, ऊन चढू लागले की गड्डा भरू लागतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राच्या 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल' या वाणांना तयार व्हायला साधारण १२० ते १३५ दिवस लागतात. म्हणजे काढणी बहुधा उपवासकाळात येते. पण १२० आणि १३५ यांत पंधरा दिवसांचे अंतर आहे. कॅलेंडर आपल्याला वाफ्यापर्यंत आणून सोडते. पुढे आपल्यालाच वाकून पाहावे लागते.

काय पाहायचे? खालची पाने आधी पिवळी पडतात आणि सुकतात. शेंडे करपतात. काही रोपे माना टाकू लागतात. जाणती माणसे या सुमारास पाणी तोडतात. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लसणाचे प्रत्येक पान खाली जाऊन गड्ड्याभोवती एक पापुद्रा होते. वरचे जेवढे पान हिरवे, तेवढा खालचा पापुद्रा शाबूत. पान पूर्ण मेले की त्याचा पापुद्राही मातीत कुजू लागतो. म्हणून घरी लसूण करणारे एक साधा नियम पाळतात : खालची निम्मी पाने सुकली आणि वरची पाच-सहा अजून हिरवी आहेत, तेव्हा लसूण काढावा. सगळी पात वाळण्याची वाट पाहू नये. तोवर पाकळ्या फाकतात, उपटताना काही मातीतच राहतात, अवकाळी पाऊस झाला तर कोंब फुटतात आणि असा लसूण टिकत नाही.

उलट, घाई केली तर पाकळ्या भरलेल्या नसतात, साले ओली असतात आणि गड्डा काही दिवसांत सुरकुततो.

कुणी म्हणेल, "उपटलेला लसूण परत मातीत रोवून मोठा होत नाही. मग चूक टाळायची असेल तर थांबणेच बरे नाही का?" हा युक्तिवाद आपण रोजच्या जीवनातही करतो. झालेले मागे घेता येत नाही, न झालेले उद्याही करता येईल. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण लसणाच्या वाफ्यावर तो टिकत नाही. लवकर काढलेला लसूण निदान खाता येतो. ओल्या लसणाची चटणी तर आपल्याकडे आवडीने करतात. उशीर झाला तर साठवणीचा लसूणच हातचा जातो.

मग माणूस बहुधा उशिराकडेच का झुकतो? आम्हांस त्याचे कारण असे दिसते. घाईची चूक सर्वांना दिसते. बारीक गड्डा हातात येतो आणि घरची माणसे विचारतात, "कुणी सांगितले होते एवढ्या लवकर काढायला?" उशिराची चूक मात्र मातीखाली, गुपचूप होते. तिचा दोष पावसावर, बियाण्यावर, हवामानावर टाकता येतो. घाई करणाऱ्याला नाव असते. उशीर करणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. म्हणजे आपण थांबतो ते नेहमीच लसणासाठी नसते. पुष्कळदा आपल्यावर बोट येऊ नये म्हणून आपण थांबतो.

आता आपल्या घरांकडे पाहू या. वडील ऐंशीच्या पुढे गेले, वाडी कुणाची, घर कुणाचे, हे कागदावर आलेले नाही. "त्यांच्यासमोर हा विषय कसा काढायचा?" असे म्हणून सारे भाऊ गप्प आहेत. दोन जावांचा अबोला चार वर्षांचा झाला, "योग्य वेळ आली की बोलू" असे दोघीही म्हणतात. घरचा कर्ता साठीचा मुलगा असतो, तरी व्यवहाराच्या चाव्या अजून म्हाताऱ्या हातांत आहेत. या साऱ्याला आपण संयम म्हणतो. पण पापुद्रे कुजत असतात. वडिलांची स्मृती जाते. अबोल्याचे कारण विसरले जाते आणि केवळ अबोला उरतो.

संयम हा मोठा सद्गुण आहे, यात शंका नाही. दररोज एक गड्डा उपटून पाहणाऱ्याच्या वाफ्यात शेवटी काही उरत नाही. मुलांना सतत "झाला का अभ्यास? किती मार्क पडतील?" असे विचारणारे आईबापही हेच करतात. मग संयम आणि टाळाटाळ यांतला फरक ओळखावा कसा? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही थांबलेले असतात.

आमच्या मते फरक असा. संयमी माणसाला आपण कशासाठी थांबलो आहोत हे सांगता येते. "खालची निम्मी पाने सुकू देत, मग काढतो," असे तो म्हणतो, आणि पाने किती सुकली ते रोज जाऊन पाहतो. मनात शंका राहिलीच तर एखादा गड्डा उपटून मधोमध कापून बघतो. एक गड्डा जातो, पण वाफ्याचा अंदाज येतो. टाळणाऱ्याजवळ अशी कोणतीच खूण नसते. "वेळ आली की बघू," एवढेच तो म्हणतो आणि वाफ्याकडे जाणे सोडून देतो.

पुरती खात्री लसणाच्या बाबतीतही मिळत नाही. खूण दिसली, एक गड्डा तपासला, की उरलेला भाग विश्वासाने करायचा असतो. मग खुरप्याने माती सैल करून हलक्या हाताने लसूण उपटावा, न धुता, पातीसकट सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवावा. काढणीनंतरचे हे काम केले नाही तर वेळेवर काढलेला लसूणही नासतो. अबोला सोडणे, वाटणी करणे यांचेही तसेच. पहिल्या शब्दानंतर बरेच दिवस सांभाळून घ्यावे लागते.

आपल्या प्रत्येकाच्या घरात "नंतर बघू" म्हणून ठेवलेली एखादी गोष्ट असेल. या आठवड्यात तिच्याविषयी स्वतःला एकच प्रश्न विचारू या : कोणती खूण दिसली म्हणजे मी उठेन? उत्तर देता आले तर निश्चिंतपणे थांबावे आणि रोज पाहत राहावे. उत्तर देता आले नाही, तर खूण कदाचित केव्हाच येऊन गेली असेल. मग त्या घराची कडी आजच वाजवावी.