नांव आणि निंदा

दोन शब्द सांधून त्यांतून तिसरा घडविण्याची इंग्रजी भाषेस हौस आहे. 'पोल्यूट' म्हणजे दूषित करणें आणि 'पॉलिटिशियन' म्हणजे राजकारणी. या दोहोंपासून 'पोल्यूटिशियन' हा थट्टेचा शब्द निघाला. हवापाण्याच्या नाशास हातभार लावणाऱ्या पुढाऱ्याची संभावना त्यानें एका फटक्यांत होते, आणि ऐकणारास हंसूं येतें. प्रश्न इतकाच कीं, या हंसण्यानें नागरिकाचें कांहीं कर्तव्य पार पडतें, कीं पार पडल्याचा नुसता भास होतो?

याच घराण्यांतला एक जुना शब्द पाहूं. १८१२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं स्वपक्षाच्या सोयीनें मतदारसंघ आंखणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यांतील एका मतदारसंघाचा वांकडातिकडा आकार सॅलॅमँडर नांवाच्या पालीसारख्या प्राण्याप्रमाणें दिसला, आणि विरोधकांनीं 'गेरीमँडर' हा शब्द रूढ केला. त्याच वर्षीं गेरी निवडणूक हरले. परंतु पुढच्याच वर्षीं ते देशाचे उपाध्यक्ष झाले. शब्द चिरंजीव ठरला, आणि ती युक्तिही आजतागाईत तेथें जिवंत आहे.

आतां दुसरा शब्द घ्या. १९०५ सालीं लंडनमध्यें हेन्री डे व्हू या डॉक्टरांनीं धूर व धुकें यांच्या इंग्रजी नांवांचा सांधा करून बनलेला 'स्मॉग' हा शब्द लोकांपुढें मांडला. त्यांत कोणाचीच निंदा नव्हती. परंतु ज्यास लोक निसर्गाचें धुकें समजत, त्यांत माणसाच्या हातचा धूर मिसळला आहे, हें त्या शब्दानें उघड केलें. त्यानें लगेच कांहीं साधलें असें नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत पांच दिवसांच्या स्मॉगनें सुमारें ४,००० माणसें दगावल्याचा त्या वेळीं अंदाज झाला, तेव्हां कोठें १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. त्या कायद्यानें कारखान्यांबरोबर घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांसही हात घातला.

पुढाऱ्यांची थट्टा करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सत्तेस बोंच लागलीच पाहिजे. परंतु निंदेच्या शब्दानें सारा दोष पुढाऱ्याच्या माथीं जातो आणि हंसणारा आपोआप निर्दोष ठरतो. पुढाऱ्यानें कोणत्या कागदावर सही केली, त्यानें कोणती नदी नासली आणि त्यांतून झालेल्या स्वस्ताईचा लाभ आपण किती घेतला, हें शोधण्यास श्रम पडतात. निंदेस पडत नाहींत. म्हणून शब्द ऐकल्यावर हे प्रश्न सुचत असतील, तर तो खुशाल वापरावा. ते विचारण्याची इच्छाच त्यानें शमत असेल, तर तो कितीही चतुर असो, त्याचा लाभ त्या पुढाऱ्यासच होतो, असें आम्हांस वाटतें.